हे बोलतात, की औषध बोलते?

गेल्या दीड वर्षात मला सर्वांत अधिक वेळा विचारला गेलेला प्रश्न कोणता, असे कोणी विचारले तर मी लगेच सांगेन : "आता कसं आहे यांचं?" जिन्यात, भाजीवाल्यापाशी, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीत, जिथे म्हणून ओळखीचे माणूस भेटते तिथे हा प्रश्न भेटतो. विचारणाऱ्याच्या मनात माया असते यात शंका नाही. मीही "बरं आहे" एवढे दोन शब्द बोलून मोकळी होते. खरे उत्तर जिन्यात उभे राहून देता येण्यासारखे नाही. ते सावकाश, बसून द्यावे आणि असल्या प्रसंगातून जाणाऱ्या दुसऱ्या एखाद्या घराला त्याचा थोडाफार उपयोग व्हावा, म्हणून हा लेख.

'हे' म्हणजे माझे यजमान. माझ्या पिढीतल्या बहुतेक बायका नवऱ्याला नावाने हाक मारतात. मी सासूबाईंच्या समोर 'अहो' म्हणू लागले आणि ती सवय तेवीस वर्षांत सुटली नाही. हे बँकेत अधिकारी. वय वर्षे ५१. आकड्यांत रमणारा, मितभाषी, आवाज कधी न चढवणारा माणूस. मी मराठीची प्राध्यापिका असल्यामुळे घरातले बोलण्याचे खाते माझ्याकडे आणि हिशेबाचे यांच्याकडे, अशी आमची सोयीची वाटणी होती. २०२४ च्या मार्चमध्ये यांनी चष्मा मागताना "माझं कुलूप दे" म्हटले, तेव्हा आम्ही सगळे हसलो, तेही हसले. चार दिवसांनी पहाटे यांना आकडी आली आणि हसणे संपले. डाव्या बाजूला गाठ होती. शस्त्रक्रिया झाली, तपासणीचा अहवाल आला आणि ग्लायोब्लास्टोमा हा शब्द आमच्या घरात राहायला आला.

आजार एक, उपचार अनेक

मोठ्या माणसांना मेंदूतच उद्भवणारे जे कर्करोग होतात, त्यांत हा सर्वांत अधिक आढळणारा आणि सर्वांत हट्टी. तो मेंदूच्या निरोगी पेशींमध्ये मुळे पसरावीत तसा शिरलेला असतो, म्हणून दिसणारी गाठ काढली तरी आजार काढला असे होत नाही. शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन द्यायचे, त्याबरोबर रोज टेमोझोलोमाइड नावाची केमोची गोळी घ्यायची आणि पुढे दर अठ्ठावीस दिवसांतून पाच दिवस तीच गोळी जास्त मात्रेत, अशी निदान सहा चक्रे करायची, ही आजची सर्वमान्य पद्धत. ती २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीनंतर रूढ झाली. त्या चाचणीत नुसते रेडिएशन घेतलेल्यांपैकी दोन वर्षांनी हयात होते शेकडा दहा. गोळीही घेतलेल्यांपैकी शेकडा सव्वीस. हे आकडे डॉक्टरांनी आम्हांला समोर बसवून सांगितले. यांनी सवयीने ते कागदावर मांडले, वजाबाकी केली आणि म्हणाले, "सोळा टक्के जास्त. घेऊ या."

रेडिएशनला आमच्याकडची जुनी माणसे अजून 'शेक' किंवा 'लाइट' म्हणतात. आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे, असे तीस वेळा ते घ्यायचे. डोके जराही हलू नये म्हणून गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी चेहऱ्यावर दाबून मुखवटा तयार करतात आणि रोज तोच मुखवटा टेबलाला पक्का अडकवतात. डोंबिवलीहून दादरला आम्ही लोकलच्या दिव्यांग आणि कर्करुग्णांसाठी राखीव असलेल्या डब्यातून जात असू. त्या डब्यात एक निराळेच गोकुळ असते. परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून साऱ्या देशाचे आशास्थान आहे. बिहार-बंगालपासून आलेली कुटुंबे दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरून उपचार घेतात. आमचे उपचार दुसरीकडे होते, पण रस्ता तोच होता. आम्ही निदान रात्री आपल्या घरी परतत होतो, हे सुख केवढे मोठे, ते त्या डब्यात कळले.

आजाराची भीती होतीच. उपचार मात्र आपल्या बाजूचे, असे मी धरून चालले होते आणि ते खरेही आहे. परंतु बाजूचे सैन्यसुद्धा शेतातून गेले की पीक तुडवतेच. या लेखात सांगायचे आहे ते त्या तुडवलेल्या पिकाविषयी.

रात्री दोन वाजताची साफसफाई

मेंदूची सूज उतरावी म्हणून डेक्सामिथासोन हे स्टेरॉइड देतात. त्याचा गुण विलक्षण. चार दिवसांत यांची डोकेदुखी गेली, उजव्या हातात ताकद आली. पण दुसऱ्या आठवड्यापासून रात्री दोनला स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येऊ लागला. जाऊन पाहावे तर हे फडताळातले सगळे डबे खाली काढून पुसत बसलेले. झोप नाही, थकवा नाही आणि भूक मात्र राक्षसासारखी. रात्री तीनला पोह्यांची फर्माईश. चेहरा पंधरा दिवसांत गोल झाला. ज्यांना जन्मात मधुमेह नव्हता त्यांची साखर साडेतीनशेच्या घरात गेली.

हेही सोसले असते. सोसवला नाही तो राग. ज्या माणसाने आपल्या आईला कधी उलट उत्तर दिले नव्हते, त्याने शिऱ्यात साखर कमी म्हणून ताटली सरकवली आणि असे काही शब्द बोलला की सासूबाई देवघरात जाऊन बसल्या. आमची बारावीतली मुलगी मला हळूच विचारू लागली, "आई, बाबा असेच होते का? की आपल्याला माहीत नव्हतं?"

तिचा प्रश्न पोराचा म्हणून सोडून देण्यासारखा नव्हता. तेवीस वर्षे ज्याच्यासोबत संसार केला तो माणूस खरा, की आत्ता समोर ओरडतो आहे तो? गाठ मेंदूत आहे. म्हणजे हा राग गाठीचा का? की आजाराने मर्यादांचे झाकण उडाले आणि आत साचलेले बाहेर आले? रात्री जागताना ही शंका माणसाला फार पोखरते. पायाला प्लॅस्टर घातले तर पाय कुणाचा हा प्रश्न पडत नाही. मेंदूच्या आजारात तो पहिल्या दिवसापासून पडतो.

तीन रकान्यांची वही

मार्ग सुचला तो माझ्या पेशातून. जुनी पोथी वाचताना आम्हांला एक गोष्ट शिकवलेली असते : हाती आलेले सगळे मूळ कवीचे असते असे नाही. नकलकारांच्या चुका असतात, मधेच कुणी घुसडलेल्या ओव्या असतात. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती असेच पाठ ताडून पाहून. पोथी अशुद्ध झाली म्हणून त्यांनी ती टाकली नाही, किंवा आहे तशी डोळे मिटून स्वीकारलीही नाही. माझ्या हाती आलेली पोथी चालतीबोलती होती, इतकाच फरक.

मी शंभर पानी वही घेतली आणि तीन रकाने आखले : औषध, आजार, स्वतः. रोज काय घडले, किती वाजता घडले, त्याआधी कोणती गोळी होती, मात्रा कधी बदलली, झोप किती, साखर किती, हे लिहायचे आणि ते कोणत्या रकान्यात जाईल याचा अंदाज पेन्सिलीने करायचा. पेन्सिलीने अशासाठी, की निर्णय माझा नाही. तो डॉक्टरांचा. नोंद तेवढी माझी.

पंधरा दिवसांची नोंद पाहून आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे मला पाच मिनिटांच्या भेटीत कधीच कळलं नसतं." जागरण आणि भूक स्टेरॉइडची होती. दिवसाची सगळी मात्रा दुपारी दोनच्या आत संपवायची असे ठरले आणि भांड्यांचा आवाज बंद झाला. रागाचा उगम मात्र दुसरीकडे निघाला. आकडी येऊ नये म्हणून लेव्हेटिरासिटाम सुरू होते. त्याची मात्रा वाढवली त्या आठवड्यापासून संतापाच्या नोंदी दुप्पट झालेल्या. या औषधाने काही रोग्यांना विलक्षण चिडचीड होते, ही गोष्ट जाणकारांना पूर्ण माहीत आहे. फक्त घरातल्या माणसाने ती चिडचीड सांगितली पाहिजे. बायका सांगत नाहीत. नवऱ्याचा राग म्हणजे घरची गोष्ट, ती परक्यापुढे का काढायची, असे त्यांना वाटते. आमच्याकडे औषध बदलले आणि तीन आठवड्यांनी यांनी आईच्या हातचा तोच शिरा मुकाट्याने खाल्ला. सासूबाईंनी त्या दिवशी साखर जास्तच घातली होती!

इथे एक धोक्याची सूचना. स्टेरॉइड त्रास देते म्हणून आपल्या मनाने ते बंद करणे प्राणावर बेतू शकते. शरीर स्वतःचे तसले द्रव्य तयार करणे थांबवते, म्हणून ते हळूहळू, डॉक्टरांच्या सांगण्यानुसारच उतरवावे लागते. तेच आकडीच्या औषधाचे. आणखी एक : हे अचानक सोफ्यावरून उठेनासे झाले, तेव्हा गाठ वाढली म्हणून घरात रडारड झाली. वहीत पाहता हात चांगले होते, बोलणे होते तसेच होते, दोन्ही मांड्या मात्र सारख्याच हलक्या झालेल्या. दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड मांड्यांचे स्नायू खाते. उपाय साधे होते : सोफ्याऐवजी उंच खुर्ची, संडासात धरायला दांडी आणि रोजचा थोडा व्यायाम.

'तो', 'ती' आणि 'ते'

उपचारांच्या धामधुमीत शब्दही हळूहळू निघून चालले होते. मेंदूच्या डाव्या बाजूला वाणीचे घर असते, हे पॉल ब्रोका या फ्रेंच वैद्याने १८६१ मध्ये एका रोग्यावरून दाखवले. त्या रोग्याला समजत सारे होते, उच्चारता मात्र एकच अक्षर येई. आमच्या घरी प्रकार वेगळा होता. वाक्य सुरू होई, क्रियापदही येई, नेमके नाम गळून पडे. "अगं, ती दे ना… ती… आपली ती." यांच्या कपाळावरची शीर फुगे आणि मुलगी घाईघाईने घरातल्या पंचवीस वस्तूंची नावे सुचवू लागे. मग आणखी गोंधळ.

ऐकता ऐकता माझ्या लक्षात एक गोष्ट आली. नाम हरवले तरी त्याचे लिंग यांना बहुधा आठवत होते! 'ती' म्हणाले की ते किल्ली, वाटी, चादर असेच काही असे. 'तो' म्हटले की चष्मा, रुमाल, डबा. 'ते' म्हटले की पाणी, पुस्तक, पाकीट. मराठीची तीन लिंगे शिकवताना मी विद्यार्थ्यांच्या जांभया वर्षानुवर्षे पाहत आले आहे. ही लिंगे एक दिवस माझ्या संसाराला हाताशी येतील असे स्वप्नातही आले नव्हते. 'ती' ऐकले की आम्ही 'ती'च्याच वस्तू, एकेक करून, दाखवायचो. "ती खोलीत आहे का? खायची आहे का?" असे 'हो'-'नाही'ने उत्तर देता येईल तेवढेच विचारायचो. अर्धे काम सोपे झाले. इंग्रजीत संसार केला असता तर ही सोय नव्हती.

वाणीउपचार करणाऱ्या बाईंनी आणखी काही शिकवले, ते देते. एका वेळी एकानेच बोलावे. टीव्ही बंद ठेवावा. रोग्याला उत्तर द्यायला वेळ द्यावा, त्याचे वाक्य आपण तोडून पुरे करू नये. मोठ्याने ओरडू नये, तो बहिरा झालेला नाही. आणि त्याच्यासमोर त्याच्याविषयी तो नसल्यासारखे बोलू नये. पाठ असलेले मात्र बहुधा टिकते. पाणी मागायला शब्द न सापडणारे हे संध्याकाळी सासूबाईंबरोबर रामरक्षा सुरू करीत आणि न अडखळता शेवटपर्यंत जात. तेराचा पाढाही तसाच. पहिल्या दिवशी हे ऐकून मला वाटले, सगळे परत आले. परत आले नव्हते, पण जे होते ते ऐकू येत होते.

आकडी, सूज आणि साक्षीदार कांदा

आता थोडे शरीराविषयी, कारण इथे उशीर महाग पडतो. घरात पुन्हा आकडी आली, तेव्हा शेजारच्या काकू कांदा घेऊन धावल्या आणि वरच्या मजल्यावरचे गृहस्थ चप्पल. दोहोंचाही उपयोग नाही. करायचे ते एवढेच : माणसाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, आसपासच्या टणक वस्तू दूर कराव्यात, तोंडात बोट, चमचा, पाणी काहीही घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली, तर तडक रुग्णालय. तो कांदा नंतर आमटीत पडला. काकूंची माया मात्र वाया गेली नाही. तेव्हापासून घड्याळ पाहण्याचे काम त्यांच्याकडे आहे.

सप्टेंबरमध्ये डावी पोटरी सुजली. दिवसभर खुर्चीत बसून असेल, असे म्हणून सोडून देण्याजोगी ती दिसत होती. या आजारात पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा संभव बराच असतो आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते, हे आम्हांला आधीच सांगून ठेवलेले होते, म्हणून त्याच दिवशी गेलो. गुठळीच होती. रक्त पातळ करणारे औषध सुरू झाले. पुढच्याच महिन्यात केमोने रक्तातल्या प्लेटलेट एवढ्या उतरल्या की रक्त पातळ ठेवावे तर स्राव होण्याची भीती, न ठेवावे तर गुठळीची. डॉक्टर दर तीन-चार दिवसांनी रक्त तपासून मात्रा ठरवीत आणि केमोचे चक्र दोनदा पुढे ढकलले गेले. एका उपचाराने दुसऱ्याचा हात धरावा, हा या आजारातला नेहमीचा पेच आहे. अशा वेळी ताप शंभरच्या वर गेला, हिरड्यांतून रक्त आले, अंगावर लाल ठिपके उठले, दम लागला, तर सकाळची वाट पाहू नये.

सर्वांत कठीण गेला तो मात्र २०२४ चा जुलै. रेडिएशननंतरच्या पहिल्या एमआरआयमध्ये गाठीच्या जागी आधीपेक्षा मोठा पांढरा डाग दिसला. माझ्या पायांखालची जमीन सरकली. डॉक्टर म्हणाले, "घाई नको. रेडिएशननंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत उपचारानेच आलेली सूज गाठ वाढल्यासारखी दिसू शकते." म्हणजे इथेही तोच प्रश्न, आजार की औषध? यंत्रालासुद्धा पहिल्या नजरेत सांगता येत नव्हते. दोन महिने आम्ही थांबलो. दुसऱ्या चित्रात डाग आकसला होता. त्या दोन महिन्यांत मी वर्गात काय शिकवले ते विद्यार्थीच जाणोत.

सही

एक रूक्ष गोष्ट, पण तिने आमचे पुष्कळ वाचवले. यांची सही बदलू लागली. बँकेतच आयुष्य गेलेले, त्यामुळे धोका यांनीच ओळखला. शब्द शाबूत होते त्या काळात, एका शनिवारी, यांनी मला बसवून सारी खाती, विमा, ठेवी, कुलपाच्या किल्ल्या दाखवल्या. खाती दोघांच्या नावे केली, वारसाची नावे तपासली, मृत्युपत्र केले. पुष्कळांना वाटते मुखत्यारपत्र करून ठेवले की काम झाले. पण १८७२ च्या करार कायद्यानुसार, देणारा मानसिकदृष्ट्या अक्षम झाला की साधे मुखत्यारपत्रही संपते. म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच ते निरुपयोगी. तेव्हा हे विषय अभद्र म्हणून टाळू नयेत. आमचा तो शनिवार मला आज एखाद्या लग्नाच्या वाढदिवसासारखा आठवतो. हे शेवटचे असे बोलले, सलग, मुद्देसूद, क्रमाने.

सावित्रीच्या वाटणीला आलेले काम

अशा प्रसंगी बाईच्या मदतीला समाज एक तयार उपमा घेऊन येतो. "तू सावित्री आहेस हो!" मला सावित्रीविषयी आदर आहे, पण तिला यमाशी एकदाच वाद घालायचा होता. दिवसातून चार वेळा बोटाला सुई टोचून साखर मोजायची नव्हती, सात तासिका घेऊन परतल्यावर बद्धकोष्ठाचे औषध आणायचे नव्हते आणि सत्यवानाने तिच्यावर ताटली फेकलेली नव्हती. उपमेने पाठ थोपटली जाते, झोप मिळत नाही. मला झोप दिली ती आमच्या वन्संनी. त्या दर गुरुवारी कल्याणहून येतात, "तू जा" म्हणतात आणि मी मुलीच्या खोलीत दार लावून सलग सात तास झोपते. कुणाला खरी मदत करायची असेल तर "काही लागलं तर सांग" म्हणू नये. "गुरुवारी येते" म्हणावे.

आणखी एक दुःख असते, त्याला आपल्याकडे नाव नाही. माणूस घरात आहे, समोरच्या खुर्चीत आहे आणि तरी त्याची आठवण येते. त्याचे जेवण मी वाढते, त्याला आंघोळ मी घालते आणि रात्री दिवा मालवल्यावर "आज कॉलेजात काय झालं माहीत आहे का" हे ज्याला सांगायचे तो नसतो. हे बोलून दाखवले तर लोकांना अभद्र वाटते. मला ते बोलता आले एका उपशामक सेवेच्या समुपदेशक बाईंपाशी. ही सेवा म्हणजे 'आता काही उरले नाही' अशी पाटी, हा गैरसमज काढून टाकला पाहिजे. उपचार चालू असतानाच ती घ्यायची असते. वेदना, उलटी, निद्रानाश आणि घरच्यांचे मन, हे सारे तिच्या कक्षेत येते. वांद्र्याचे शांती अवेदना सदन १९८६ पासून आणि पुण्यात वारज्याचे सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून हे काम करीत आहे. पत्ता दारात मरण उभे राहिल्यावर शोधू नये, आधीच वहीत लिहून ठेवावा.

तिसरा रकाना

वहीच्या पहिल्या दोन रकान्यांनी डॉक्टरांना मदत केली. तिसऱ्याने मला. सुरुवातीला तो कोरा राही. 'स्वतः' म्हणून लिहावे असे काही दिसतच नसे. मग मी हट्टाने रोज एक तरी ओळ शोधू लागले. 'एक तारखेला कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाकडे बोट दाखवले.' 'माझ्या श्लेषावर हसले. उशिरा, पण हसले.' 'मुलीच्या निकालाच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट मागितला. "तो" म्हणून.' एका रात्री यांची तिसरी चादर बदलून मी ओट्यापाशी उभी होते. माझे ताट झाकलेले तसेच होते. हे दारात येऊन उभे राहिले, शब्द शोधू लागले. मी 'तो', 'ती', 'ते' सगळे विचारून पाहिले. मान नकारार्थी हलत राहिली, कारण हवे होते ते नाम नव्हतेच. बऱ्याच वेळाने क्रियापद आले : "जेव."

एवढी एक ओळ मी शाईने लिहिली.

केमोची चक्रे या वर्षी, २०२५ च्या फेब्रुवारीत संपली. आता दर दोन महिन्यांनी एमआरआय असतो, पुढचा दिवाळीनंतर आहे. हा आजार बहुधा परततो हे आम्हांला ठाऊक आहे आणि यांनी ती वजाबाकी माझ्या आधी केलेली आहे. वहीचा चौथा भाग चालू आहे. ज्या घरात असा आजार आला असेल त्या घरातल्या माणसाला माझे सांगणे एवढेच : रागाचे, झोपेचे, शब्दांचे, सुजेचे, जे दिसेल ते लिहा आणि लाज न धरता डॉक्टरांपुढे ठेवा. पुष्कळदा जे दुःख आपण नशिबाचे समजतो ते एका गोळीचे असते आणि गोळी बदलता येते. जे बदलता येत नाही ते आजाराचे. ते सोसायला माणसे लागतात, ती आधीच जमवून ठेवा. आणि तिसरा रकाना कोरा सोडू नका.